साठावा सामना

रॉस हॅलोरनचा जाड, लालसर हात क्विन्सी बॅरोच्या मानेवर पडला, तिथंच थोडा वेळ विसावला, आणि हॅलोरन म्हणाला, “घर बघ आता.” एवढंच. लॉकर रूमबाहेरच्या लांबलचक बोळात तेव्हा माणसांची ये-जा चालू होती, कुणी टॉवेलांची गाडी ढकलत होतं, कुणी तिकिटांवरून फोनवर भांडत होतं, आणि भिंतीला टेकून ओडेल प्रिचर्ड कॉफी पीत होता. ते शब्द ऐकून त्याचा पेला कलंडला. कॉफी बाहीवर सांडली आणि कोपरापर्यंत गरम ओघळ गेला, तरी त्यानं पेला खाली ठेवला नाही. क्विन्सी हसला, साडेसहा फुटांचा माणूस पहिलीतल्या पोरासारखा मान खाली घालून हसला. हॅलोरननं त्याची मान दोनदा थोपटली आणि तो पुढं गेला, जाताजाता ओडेललाही डोळा मारून गेला. या धंद्यात ‘घर बघ’ या दोन शब्दांना अर्थ आहे. क्विन्सीसारखा माणूस, जो संघाचा राजा नाही, ज्याच्या नावाचे सदरे दुकानात टांगत नाहीत, जो दुसऱ्यासाठी धक्के खातो, चेंडू अडवतो आणि बाकावर येऊन बसतो, तो कधी घर घेत नाही. सामानासकट भाड्याच्या खोल्यांत राहतो, पलंगाखाली बॅगा भरलेल्याच असतात. आज आहे, उद्या नाही. कागदावरची सही फार नंतर होते. त्याआधी संघाचा मोठा साहेब मानेवर हात ठेवून म्हणतो, घर बघ. मग माणूस त्या रात्री नीट झोपतो. सेंट लुईस पायलट्स या बास्केटबॉल संघात तरी गेली तीस वर्षं ही पद्धत आहे, आणि ती हॅलोरननंच पाडलेली आहे.

ओडेल मुतारीत गेला आणि बाही नळाखाली धरून उभा राहिला. आरशात एक्कावन्न वर्षांचा, टक्कल पडलेला, चांगल्या कोटातला माणूस होता. या माणसाच्या मानेवरही तो हात पडला होता, सत्तावीस वर्षांपूर्वी, जानेवारीच्या चार तारखेला, याच शहरात, जुन्या स्टेडियमच्या असल्याच एका बोळात. तेव्हा मानेवर केस होते. हाताचा दाब अजून तसाच आठवत होता, अंगठा कानामागच्या हाडावर आणि बाकीची बोटं पलीकडे. घर बघ आता, पोरा. आणि त्यानं बघितलं. लिंडेल रस्त्यावर, बागेच्या समोर, चौथ्या मजल्यावर, चार मोठ्या खिडक्यांचं. दुपारीच अनामत भरली आणि सायक्स्टनला, गावी, आईला फोन केला. मॉझेल प्रिचर्ड तेव्हा हमरस्त्यावरच्या मोटेलमध्ये खोल्या झाडायची, एकोणीस वर्षं झाडत होती. तिनं विचारलं, “बाळ, नक्की ना?” तो म्हणाला, “साहेबांनी स्वतः सांगितलंय, आई.” दुसऱ्या दिवशी ती बसनं आली. मोटेलची नोकरी सोडून, मालकिणीला चार शब्द सुनावून आली. शिवणयंत्र मांडीवर घेऊन आली. आल्या आल्या तिनं खिडक्या मापल्या, ग्रँड रस्त्यावरून मोहरीच्या रंगाचं कापड आणलं, आणि दोन दिवस ते यंत्र खडखडत राहिलं. सात तारखेला दुपारी ती खुर्चीवर चढून, तोंडात कड्या धरून, चौथ्या खिडकीचा पडदा लावत होती तेव्हा फोन वाजला. त्या तारखेला संध्याकाळी पाचच्या आत काढलं तर पुढचा पगार द्यावा लागत नाही, असा लीगचा नियम होता. ओडेलला तेव्हा नियम माहीत नव्हता. हॅलोरनचा आवाज फार मऊ होता. “परवडत नाही रे, ओडी. माझ्या हातात काही नाही.” आईनं तोंडातल्या कड्या काढून हातात घेतल्या आणि खुर्चीवरूनच विचारलं, “काय म्हणतायत साहेब?”

पुढं तो तुर्कस्तानात खेळला, मग बेल्जियममध्ये, मग गुडघा गेला. आई सायक्स्टनला परत गेली. मोटेलवाल्या बाईनं तिला घेतलं, पण पगार कमी करून आणि आठ दिवस दारात उभी करून. पडदे मॉझेलनं बरोबर नेले होते. तिच्या घराच्या खिडक्यांना ते गुडघाभर लांब झाले, पण तिनं ते कापले नाहीत, दुमडून खोक्यात ठेवून दिले. अकरा वर्षांनी ती गेली. त्या अकरा वर्षांत तिनं हॅलोरनबद्दल एक वाईट शब्द काढला नाही, फक्त एकदा, भांडी विसळताना, पाठमोरी म्हणाली, “त्यांनी खरंच तसं सांगितलं होतं ना रे तुला?” म्हणजे तिला वाटत होतं की पोरानंच ऐकण्यात चूक केली. ते ओडेलला जास्त लागलं. पगार, गुडघा, तुर्कस्तानातली थंडी, सगळं त्यानं सोडून दिलं असतं. आपल्या आईनं आपल्यावर संशय घेतला, तो एका माणसामुळं, हे त्यानं सोडलं नाही. माणसं डूख धरतात आणि विसरतात. ओडेलनं डूख धरला आणि त्याला खाऊपिऊ घातलं. रात्रीच्या कॉलेजात जाऊन हिशेब शिकला, मग लीगचं ते सहाशे पानांचं नियमांचं बाड घेऊन बसला, पानन् पान पाठ केलं. लोकांना वाटलं, हा हुशार आहे. त्याला फक्त एक वाक्य तपासून बघायचं होतं. नऊ वर्षांपूर्वी पायलट्सनी त्याला करार आणि पगार सांभाळायला नोकरीवर घेतलं, खुद्द हॅलोरननं घेतलं, “तू तर आमचाच माणूस” म्हणत मिठी मारून घेतलं. पहिल्याच दिवशी ओडेल तळघरातल्या जुन्या कपाटाशी गेला आणि त्या वर्षाचे कागद काढले. परवडत होतं. व्यवस्थित परवडत होतं, वर उरतही होतं. त्यानं कागद परत जागेवर ठेवले, वर आला आणि त्या दिवसापासून नऊ वर्षं हॅलोरनच्या शेजारच्या खोलीत बसून काम केलं. हॅलोरन त्याच्या वाढदिवसाला दरवर्षी केक मागवायचा.

बाही ओली झाली होती, कोटाची दुमडलेली बाही खाली ओढून त्यानं ती झाकली. बाहेर आला तर क्विन्सी त्याचीच वाट बघत उभा. बत्तीस वर्षांचा, नाक दोनदा मोडलेला, हनुवटीखाली टाक्यांची रेघ. खेळाडूंत ओडेलला अंकल म्हणायची रीत यानंच पाडली होती.

“अंकल, ऐकलंत ना?” त्यानं फोन समोर धरला, त्यावर बायकोनं, रेनीनं पाठवलेला घराचा फोटो होता. “हे बघा. वेब्स्टर ग्रोव्हजला. विटांचं आहे, मागं अंगण आहे. रेनीनं तीन आठवडे धरून ठेवलंय त्या दलालाला. आज चारला सही करते म्हणते. आयव्हीची शाळा तिथनं चालत.”

“आजच कशाला? करार तर जूनमध्ये होणार.”

“दुसरं गिऱ्हाईक आलंय म्हणतो दलाल. खोटंही बोलत असेल. पण साहेब बोललेत ना आता.” त्यानं आवाज खाली आणला. “पक्कं आहे ना, अंकल? तुम्ही सांगा. साहेब काय, सगळ्यांशीच गोड बोलतात. आकडे तुम्हांला माहीत.”

आकडे ओडेलला माहीतच होते. प्रत्येक संघाच्या पगारखर्चाला लीगनं एक रेघ मारून दिलेली असते. रेघेच्या वर एक डॉलर गेला तरी दंड बसतो, आणि दंडाहून वाईट म्हणजे रेघेखाली राहिलेल्यांना वर्षअखेरी त्या दंडातला जो वाटा मिळतो तो हातचा जातो. पायलट्स या वर्षी रेघेच्या जेमतेम खाली होते. क्विन्सीच्या करारात एक कलम होतं: साठ सामने खेळला तर वर चार लाख. ते चार लाख दिले की संघ रेघ ओलांडत होता. क्विन्सीचे एकोणसाठ झाले होते. आज एप्रिलमधला शेवटचा रविवार, शेवटचा सामना. संघाच्या मालकीणबाई, मिसेस क्लोस्टर, बियरवाल्या आजोबांची नात, गेल्या महिन्यात बैठकीत सगळ्यांच्या देखत म्हणाल्या होत्या, “रेघेच्या खाली राहिलात तर त्या बॅरोला दोन वर्षं द्या, मला तो आवडतो, पडला की स्वतःचा स्वतः उठतो. वर गेलात तर बॅरो नाही. आणि रॉस, मग तूही नाहीस.” हॅलोरन हसला होता. ओडेलनं ते वाक्य तारखेसकट लिहून ठेवलं होतं, कामाची सवय म्हणून. क्विन्सीला सगळं समजावून सांगितलं होतं. चार लाख सोड, दोन वर्षं घे. तो लगेच कबूल झाला होता. गुडघा दुखतो असं सांगून चार सामने बसला, एकदाही कुरकुरला नाही. आजही साध्या कपड्यात बसला असता, पण संघात फ्लू शिरला होता, पाच जण अंथरुणावर, आणि निदान आठ माणसं तरी गणवेशात हवीत असा नियम. क्विन्सी आठवा होता. नुसतं बाकावर बसलं तर सामना मोजत नाहीत, मैदानात पाय पडला तरच मोजतात.

“पक्कं आहे,” ओडेल म्हणाला. “आज फक्त बूट बांधून बस. बाकावरून उठू नको.”

“पाणी प्यायलाही नाही,” क्विन्सी म्हणाला, आणि हसत आत गेला. ओडेल खरंच बोलला होता. तोवर त्याच्या मनात दुसरं काही नव्हतं, हे त्याच्या बाजूनं सांगायला हवं. बाहीखाली हात चुरचुरत होता तेवढंच.

सामना एकला सुरू झाला. ओडेल बाकाच्या मागं, दुसऱ्या रांगेत बसला होता, कोच ओस्टरमनच्या अगदी पाठीशी. ही जागा कोचनं स्वतः मागून घेतली होती. पस्तिशीचा, तापट, हुशार पोरगा. सकाळी म्हणाला होता, “मिस्टर प्रिचर्ड, शेवटच्या मिनिटात माझ्या डोक्यात रेघ-बिघ काही राहत नाही, तुम्हांला माहितेय. क्विन्सीला उठवायला लागलो तर कॉलर धरून मागं ओढा मला.” सगळे हसले होते. समोर बफेलोचा संघ होता. हरलं काय, जिंकलं काय, यादीत जागा तीच राहणार होती, तरी रविवार म्हणून लोक आले होते, मुलाबाळांसकट. वरच्या रांगांत कुणीतरी कुणालातरी मोठ्यानं विचारत होतं, कुठल्या हायस्कूलचा तू? या शहरात माणसाची जात-कुळी अशीच विचारतात. ओडेलला नऊ वर्षांत कुणी विचारलं नव्हतं, तो सायक्स्टनचा, त्याच्या हायस्कूलला इथं कोण ओळखतं. सात खेळाडू आळीपाळीनं पळत होते, घामानं निथळत होते, आणि बाकाच्या टोकाला क्विन्सी जाकीट गळ्यापर्यंत लावून टाळ्या वाजवत होता. समोरच्या बाजूला तिसऱ्या रांगेत त्याची मुलगी आयव्ही आजीच्या मांडीवर उभी होती. बाप खेळणार नाही हे तिला कुणी सांगितलं नसावं, कारण खेळ थांबला की ती त्याच्याकडे बोट दाखवून ओरडायची, त्याला घ्या म्हणून. ओडेल हे सगळं बघत होता आणि त्याला बरं वाटत होतं, एखादं काम नीट पार पडत आलं की वाटतं तसं.

मध्यंतरानंतर हॅलोरन वरच्या काचेच्या खोलीतून खाली आला. बरोबर एक जाहिरातवाला होता, कॅन्सस सिटीचा, आणि दोघांच्या हातात तळलेल्या राव्हिओलीच्या, खिमा भरलेल्या चौकोनी तुकड्यांच्या पुड्या. हॅलोरन ओडेलच्या शेजारी बसला, गुडघ्यावर थाप मारली आणि पाहुण्याला म्हणाला, “हा ओडी. आमचा मेंदू. पण आधी इथंच खेळायचा, ठाऊक आहे? मीच आणला याला. काटकुळा होता, नुसता काटकुळा.” ओडेल सवयीनं हसला. हे तो नऊ वर्षं ऐकत होता. पण आज हॅलोरन पुढं गेला. “आणि याची आई! ही खरी गंमत. मी याला म्हटलं घर बघ, तर हा गाढव त्याच दुपारी आईला बोलावतो! आणि ती बाई शिवणयंत्र मांडीवर घेऊन बसमधून येते. दोन दिवसांत घरभर पडदे. पिवळे की काय ते. हा मला सांगायचा ना, सरावाला आला की तेच, आईनं इतके शिवले, आईनं तितके शिवले. आम्ही हसून हसून मेलो होतो. काय रे, ओडी? गोड बाई होती, काय नाव तिचं? अशा गोष्टींसाठीच मी या धंद्यात राहिलो, सांगतो तुला. पोराला घर बघ म्हणायचं आणि त्याचं तोंड बघायचं.” आणि त्यानं एक राव्हिओली तोंडात टाकली. पाहुणा म्हणाला, “वा.”

ओडेल वाट बघत राहिला. गोष्टीचा उरलेला अर्धा भाग आता येईल, निदान हॅलोरनच्या चेहऱ्यावरून एखादी सावली तरी जाईल. काही आलं नाही. हॅलोरनच्या गोष्टीत सात तारीख नव्हतीच. त्या गोष्टीत चार खिडक्यांना चार पडदे लागले होते आणि ते अजून तिथं होते. त्यानं लपवलं असतं तर ओडेलला चाललं असतं. लपवणारा माणूस निदान मनात कुठंतरी बाळगून असतो. यानं फेकूनच दिलं होतं, आणि जे गोड होतं तेवढं ठेवून घेतलं होतं, स्वतःच्या चांगुलपणाचा दाखला म्हणून पाहुण्यांना वाटायला. माझी आई याच्या पुडीत आहे, ओडेलला वाटलं, त्या तळलेल्या तुकड्यांबरोबर.  तो म्हणाला, “मॉझेल.” हॅलोरन म्हणाला, “अं?” “नाव. मॉझेल.” “हां, मॉझेल!” हॅलोरन म्हणाला, जणू त्यानंच आठवून काढलं, आणि दोघे उठून वर गेले. त्यानंतर खेळात काय झालं ते ओडेलला नीट सांगता आलं नसतं. आवाज येत होता, बूट फरशीवर चिरकत होते, आणि त्याच्या डोक्यात एकच गोष्ट गोल फिरत होती: या माणसाचं काहीतरी जायला हवं. पैसे नव्हे, पैसे याच्याकडे पोत्यानं आहेत. याची ही खुर्ची, हा हात, लोकांच्या मानेवर ठेवायचा याचा हा हक्क. असंच, दुपारी, सगळं छान चाललेलं असताना, एक फोन यायला हवा याला.

शेवटच्या मिनिटाला पायलट्स एका गुणानं पुढं होते. चेंडू बफेलोकडे, घड्याळात दोन सेकंद आणि काही. ओस्टरमननं खेळ थांबवून घेतला, गुडघ्यावर बसून फळीवर खुणा केल्या, त्याच्या मानेच्या शिरा फुगल्या होत्या. आणि मग, तीन वर्षं अशा प्रत्येक वेळी जे केलं तेच त्यानं केलं. वर न बघता हात बाकाच्या टोकाकडे उडवला आणि ओरडला, “बॅरो! त्यांच्या आठ नंबरला तू धर.”

क्विन्सी अर्धवट उठला. त्याचे हात सवयीनं जाकिटाच्या चेनवर गेले होते आणि तिथं थबकले. ओस्टरमनची पाठ ओडेलपासून हातभर अंतरावर होती, सदरा घामानं चिकटलेला, कॉलर उलटी झालेली. दोन बोटांत धरून ओढता आली असती. तोंडानं नुसतं “कोच” म्हटलं असतं तरी पुरलं असतं. क्विन्सीनं कोचकडे बघितलं, कोचचं लक्ष नव्हतं. मग त्यानं मागं ओडेलकडे बघितलं. भुवया वर गेल्या होत्या. जाऊ का? एवढाच प्रश्न होता त्याच्या तोंडावर, आणि थोडी आशाही होती, कारण शेवटी तो खेळाडू होता आणि समोर त्याची मुलगी होती. ओडेलला वेळ कमी पडला असं कुणी म्हणू नये. भरपूर वेळ होता. त्या वेळात त्याला वरच्या काचेमागं हॅलोरन उभा दिसला, दोन्ही हात काचेला लावलेले, तोंड उघडं, काहीतरी ओरडत असलेला, आणि काचेमुळं त्याचा आवाज येत नव्हता. त्या तोंडाकडे बघून ओडेलला जे सुख झालं ते त्यानं सत्तावीस वर्षांत कशातच अनुभवलं नव्हतं, लग्नात नाही, मुलगा झाला तेव्हा नाही. त्यानं क्विन्सीकडे बघितलं आणि मान हलवली. जा.

क्विन्सीनं जाकीट भिरकावलं. टेबलाशी जाऊन नाव सांगितलं, पंचानं हातानं आत बोलावलं, आणि त्याचा पाय मैदानातल्या लाकडावर पडला. झालं. साठ. पुढं त्यानं आठ नंबरला असा काही धरला की त्या पोराला चेंडू वाकडातिकडा फेकावा लागला, भोंगा वाजला, लोक उठून उभे राहिले, आयव्ही आजीच्या मांडीवरून खाली पडता पडता वाचली. ओस्टरमन दोन्ही मुठी वर करून वळला, समोर ओडेल दिसला, आणि त्याच्या मुठी हळूहळू खाली आल्या. “अरे देवा,” तो म्हणाला. “मिस्टर प्रिचर्ड. तुम्ही मला ओढलं का नाही?” ओडेल उठला आणि कोटाची बटणं लावत बोळाकडे चालू लागला.

हॅलोरन त्याला तिथंच गाठणार हे त्याला माहीत होतं. लिफ्टचं दार उघडलं आणि हॅलोरन आला, धापा टाकत, टाय खांद्यावर गेलेला. “झोपला होतास काय रे?”

“नाही. चांगला जागा होतो.”

“मग?”

“सात तारखेला तुम्ही मला काढलंत,” ओडेल म्हणाला. आवाज त्याला वाटलं होतं त्यापेक्षा शांत निघाला. “आई चौथा पडदा लावत होती. परवडत नाही म्हणालात. मी कागद बघितलेत, रॉस. परवडत होतं.”

हॅलोरन त्याच्याकडे बघत राहिला. कपाळावर आठ्या पडल्या, त्यानं खरोखर आठवायचा प्रयत्न केला, ते दिसत होतं. “काढलं? तुला? तू तर तुर्कस्तानात गेलास ना? मी सगळ्यांना सांगतो, ओडीनं तिकडं नाव काढलं म्हणून.” मग त्याला कळलं. आठवलं नाही, पण कळलं. बूट ठेवायच्या पेटीवर तो खाली बसला. “म्हणजे हे त्यासाठी?”

“मिसेस क्लोस्टरचा फोन येईल तुम्हांला.”

“मला कशाला येईल?” हॅलोरन म्हणाला. “मी जूनमध्ये चाललोय. फेब्रुवारीतच सांगून ठेवलंय तिला. सॅरासोटाला, समुद्राकाठी, घर घेतलंय, बायकोनं फरशा निवडल्यात. मला काढायचं ते बैठकीतलं बोलणं तुम्हां लोकांना जरा धाक असावा म्हणून होतं, आम्ही दोघांनी ठरवून.” त्यानं टाय खांद्यावरून खाली घेतला, नीट सरळ केला. “जाताजाता एकच गोष्ट मागितली होती मी तिच्याकडं. हे पोर, क्विन्सी, संघात राहावं. तिनं रेघेची अट घातली, मी मान्य केली. ती बाई एकदा बोलली की बोलली. आता माझ्याच्यानं काही होणार नाही, ओडी. तुझ्याच्यानंही नाही.” तो रागावला नव्हता. सत्तरीच्या माणसाला जिने चढून आल्यावर वाटतं तेवढंच त्याला वाटत होतं. आणि ओडेलला त्याही क्षणी, सगळ्यांत आधी, क्विन्सी आठवला नाही. आधी राग आला, की एवढं करून हा माणूस तसाच बसलाय. तो तसाच जाणार, केक कापून, भाषण करून, समुद्रकिनारी जाऊन बसणार आणि तिथं लोकांना पडद्यांची गोष्ट सांगणार. क्विन्सी त्यानंतर आठवला. 

तो आलाच. गणवेशातच, एका हातावर आयव्ही, दुसऱ्या हातात फोन, बोळातल्या माणसांना ‘हटा हटा’ करत. हॅलोरन पेटीवरून उठला आणि पलीकडच्या दारानं निघून गेला. क्विन्सीनं ओडेलला मिठीच मारली, मुलीसकट.

“अंकल, मला वाटलं तुम्ही नाहीच म्हणणार. मी तर परत बसायलाच निघालो होतो. मग तुम्ही मान हलवलीत. म्हटलं, अंकलनी काहीतरी जुळवलंय. कुठनं काढलेत हो चार लाख? नाही, नका सांगू, मला कळायचं नाही. आजीनं रेनीला फोनवर सांगितलं, मी गेलो मैदानात म्हणून. ती घाबरली. म्हणाली, आता करार गेला. मी म्हटलं, वेडे, अंकलनी स्वतः मान हलवली, ते चुकणारे नाहीत. सही कर तू बिनधास्त.” आयव्ही ओडेलच्या टकलावर हात फिरवत होती. “ती पोचली असेल बघा आता.”

बोळातल्या घड्याळात चारला नऊ मिनिटं कमी होती. ओडेल म्हणाला, “तिला फोन लाव.”

“करेल हो ती. तिचं सगळं वेळेवर असतं.”

“क्विन्सी. फोन लाव.”

क्विन्सी हसायचा थांबला नव्हता, पण त्यानं लावला, आणि रेनीचा आवाज आला तसा, “घे, अंकलच बोलतायत, तुझा विश्वास नाही ना माझ्यावर,” म्हणून फोन ओडेलच्या हातात दिला. पलीकडे कुणीतरी कागद चाळत होतं, दलाल कॉफी विचारत होता.

“अंकल?” रेनी म्हणाली. “पेन हातातच आहे माझ्या. काय म्हणताय?”

“सही करू नको.”

“का?”

क्विन्सी त्याच्याकडे बघत होता. मुलगीही बघत होती. ओडेलजवळ उत्तरं होती, रेघ होती, कोचची सवय होती, मालकीणबाईची अट होती, आणि ती सगळी खरी होती. क्विन्सीनं मुलीला खाली उतरवलं.

“मला माहीत होतं हा मैदानात गेला तर तुमचं घर जाईल,” ओडेल म्हणाला. “तरी मी त्याला जा म्हटलं.”